मनगट धरणारा शब्द

नमस्कार मंडळी. आजचा इंग्रजी शब्द, रेप्रिहेन्सिबल. पेपरात येतो, कोर्टाच्या निकालात येतो, डिक्शनरी उघडली की समोर निंदनीय. आता निंदनीय तरी आपण घरात कधी बोलतो, सांगा! मला हा शब्द गिरगावच्या चाळीत कळला, तो ऐकायच्या कितीतरी आधी.

मी नऊ वर्षांची असेन. दारावर कोळीण मावशी यायच्या, सुके बोंबील घेऊन. (बोंबील मोडून बघूनच घ्यायचे हं, कट्टकन मोडला तर चांगला, ही पाकिटातली खरेदी मला अजिबात पटत नाही.) तर त्या दिवशी आजी आत, पैसे द्यायला मी, आणि मावशींनी घाईत सुट्ट्यात पाचच्या ऐवजी दहाची नोट दिली. मला कळलं. मी गप्प बसले. मावशी जिना उतरल्या, मी नोट फ्रॉकच्या खिशात घालतेय तोच मागून आजीने मनगट धरलं आणि मला मागे ओढलं. ओरडली नाही, मारलं नाही. "तिने पहाटे उठून पाटी डोक्यावर घेतलीय, चल खाली." तीन मजले ती मनगट धरूनच उतरली, मी रडतेय, गॅलरीतून सगळी चाळ बघतेय. मावशी नाक्यावर सापडल्या, नोट मी माझ्या हाताने परत दिली, तोपर्यंत आजीने मनगट सोडलं नाही.

आता शब्द बघा. मूळ लॅटिन. रे म्हणजे मागे, प्रेहेन्देरे म्हणजे धरणं, पकडणं. मागे, आणि धरणं. ज्या वागण्याला धरून मागे ओढावं ते रेप्रिहेन्सिबल! इंग्रजीत 14व्या शतकापासून आहे. याच धातूचे प्रिझन आणि शाळेतलं कॉम्प्रिहेन्शन, तिथे आपण अर्थ पकडतो.

एक लक्षात ठेवा, साध्या चुकीला हा शब्द नाही. लोकल चुकली, ऑफिसला उशीर झाला, ते रेप्रिहेन्सिबल नाही. कळत असून दुसऱ्याचं ओरबाडलं, ते रेप्रिहेन्सिबल. कळत असून, हे महत्त्वाचं. आणि शक्यतो वागण्याला लावा, माणसाला नको, आजीनेही मला चोर म्हटलं नव्हतं.

म्हणताना जोर हेनवर. रेप्रि-हेन्-सिबल. उद्या दुसरा शब्द घेऊ, नमस्कार.