काही लागलं तर सांग

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या मुलीचं फोनवरचं वाक्य ठरलेलं आहे. "बोल ना आई, ऐकतेय." ती ऐकत नसते. तिकडून की-बोर्डची टकटक येत असते, मध्येच धाकटीची किरकिर, मग नळाचा आवाज. परवा मी तिला माझ्या गुडघेदुखीचं सांगत होते, तर म्हणाली, "अरे वा, छान झालं!" आधी राग आला. फोन ठेवल्यावर मात्र पोटात कालवलं.

पूर्णवेळ नोकरी, चार वर्षांचा मुलगा, दहा महिन्यांची मुलगी. जावई घरात हातभार लावतात, पण तेही तितकेच दमलेले. मुलं झोपली की हिचा लॅपटॉप पुन्हा उघडतो. आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा ही मर्यादा १९१९ साली आंतरराष्ट्रीय करारात आली, तीही कारखान्यांसाठी. तिथं भोंगा वाजला की काम संपायचं. खिशातल्या फोनला कसला आलाय भोंगा!

मी एक चूक केली, ती सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. यात रात्री दोनला उठून बाळाला थोपटणं धरलेलंच नाही. वाचून मी घाबरले आणि ती बातमी रात्री अकरा वाजता तिला पाठवली. उत्तर आलं, "उद्या वाचते." म्हणजे तिच्या कामांच्या यादीत मी आणखी एक काम घातलं!

तेव्हापासून मी माझी वाक्यं तपासायला लागले. "जेवलीस का?" यात वाईट काही नाही, पण दिवसातून तीनदा विचारलं की ती हजेरी होते. "किती वाळलीस!" याला तिनं काय उत्तर द्यावं? "आमच्या वेळी आम्ही नाही का केलं?" हे तर गिळूनच टाकावं. आणि सगळ्यात साळसूद वाक्य, "काही लागलं तर सांग." मी ते वर्षभर म्हणत होते. तिनं एकदाही काही सांगितलं नाही. कारण काय लागतंय ते आठवायचं, मग आईला जमेल असं त्यातलं निवडायचं आणि वर संकोच बाजूला ठेवायचा, हेही कामच की. जो दमलाय त्याच्याच गळ्यात.

दमणं वेगळं आणि विझणं वेगळं, एवढं मात्र आपण ओळखायला हवं. बर्नआउट म्हणतात त्याच्या जागतिक आरोग्य संघटनेनं तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातली ताकद संपणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्याला आजार म्हटलेलं नाही. न आवरलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं आहे. माझी मुलगी अजून साहेबांची नक्कल करून हसवते, म्हणून मी धीर धरून आहे. ती नक्कल थांबली, तर मी तिला डॉक्टरांकडे घेऊन जाईन. सल्ला देऊन थांबणार नाही.

तर मी विचारणं सोडलं. शनिवारी नऊ ते अकरा मी त्यांच्या घरी जाऊन मुलं सांभाळणार, असं जावयांशी बोलून ठरवून टाकलं. पहिल्या शनिवारी ती झोपलीच नाही, कपाट आवरत बसली. दुसऱ्या शनिवारी कपड्यांच्या घड्या. मी काही बोलले नाही. श्रोतेहो, हे गप्प बसणं फार जड गेलं बरं का, जीभ नुसती वळवळत होती.

तिसऱ्या शनिवारी साडेदहाला नातू पाणी प्यायला आत गेला आणि धावत परत आला. घड्या अर्धवट टाकून ती पलंगावर आडवी झाली होती, हातात एक छोटा मोजा. त्यानं माझा पदर ओढला आणि कानात विचारलं, "आजी, आईला बरं नाहीये का?"

मी म्हटलं, "अरे, झोपलीय ती."

त्याला पटलं नाही. तो दारात जाऊन पुन्हा बघून आला.