मंडळी जमते तिथे

जुने गोवे. बॉम जीझस बॅसिलिकेच्या पाठीमागे चढ चढून वर आलात की जांभ्या दगडाचा हा एकटा मनोरा दिसतो. उंची सुमारे 46 मीटर. सेंट ऑगस्टीनचं हे चर्च 1602 मध्ये पूर्ण झालं. 1835 साली पोर्तुगीज राजवटीने धर्मसंघ बंद केले आणि इथले साधू निघून गेले. गोव्याच्या पावसात जांभा टिकतो तो चुन्याच्या गिलाव्यामुळे, आणि गिलावा टिकतो तो त्यावर हात फिरवणाऱ्या माणसांमुळे. ती माणसंच उरली नाहीत. 1842 मध्ये छत कोसळलं, 1931 मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा. घंटा मात्र वाचली. 1871 पासून ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे. माणसं जिथे राहायला गेली, तिथे तीही गेली.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना तर असं काही बांधायचं सुचलंही नव्हतं. ते घराघरांत जमत. संत पौल रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, पत्र लिहितो तेव्हा प्रिस्का आणि अक्विला या जोडप्याच्या घरी जमणाऱ्यांना सलाम सांगतो. हे दोघे राहुट्या शिवून पोट भरणारे. पेत्राच्या पत्रात तर विश्वास ठेवणाऱ्या माणसांनाच जिवंत दगड म्हटलं आहे: घर बांधायचं ते यांचं. पुढे मोठी चर्चं उभी राहिली, आणि त्यांचं सौंदर्य नाकारायचं कारण नाही. पण 1964 मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीचा आपला मुख्य दस्तऐवज लिहिला, तेव्हा बिशप आणि पाद्री यांच्याआधीचं प्रकरण दिलं ते 'देवाची प्रजा' या विषयाला. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

आता सांगे तालुक्यात चला. कुर्डी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणाच्या पाण्यात हे गाव 1980च्या दशकात बुडालं. सहाशेहून अधिक कुटुंबं उठली, वाडे आणि वालकिणी या गावांत वसली. कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड सोडवून धरणाजवळ पुन्हा उभं केलं. तेही चांगलंच झालं. गावच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, वाट्याला ते भाग्य आलं नाही.

पण मे महिन्यात पाणी ओसरतं. जोती दिसू लागतात, माडांचे बुंधे दिसतात, आणि कुर्डीकर परत येतात. हिंदू सोमेश्वराच्या उत्सवाला, ख्रिस्ती कपेलाच्या फेस्ताला, म्हणजे सणाला. वर्षातले बहुतेक महिने जी जागा पाण्याखाली असते, तिथे फेस्त भरतं! कपेल पाण्याखाली गेलं म्हणून ही मंडळी मोडली, असं कोण म्हणेल?

त्यासाठी गाव बुडावंच लागतं असंही नाही. गोव्यात वाड्यावाड्यावर खुरीस, म्हणजे क्रूस, आहेत: रस्त्याच्या कडेला, शेताच्या बांधावर, वडाखाली. मे महिन्यात संध्याकाळी तिथे लदीन, म्हणजे गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना, होतं. खुरसाला चुना लावतात, झेंडूच्या माळा घालतात, मेणबत्त्या पेटतात. पाद्री असलाच पाहिजे असं नाही. वाड्यावरचाच कोणी जाणता पुढे होतो, कोणी व्हायोलिन धरतो, आणि मारियेची लॅटिन लितानी सुरू होते. मग उकडलेले चणे, थोडी फेणी, आणि वर्षभराचं बोलणं. शेजारची हिंदू घरंही येतात. कोणाचं कोणाशी वाजलं असेल तर त्या संध्याकाळी दोघांना एकाच बाकावर बसावं लागतं. मंडळी म्हणजे काय हे बघायचं असेल, तर मी पाहुण्याला आधी इथे आणीन, बॅसिलिका नंतर.

काळजी वाटते ती वेगळीच. दारांना कुलपं लागली आहेत. मुलं आखातात, इंग्लंडात, जहाजांवर. चर्चच्या रंगाला तिथून पैसे येतात, भिंती दरवर्षी पांढऱ्याशुभ्र होतात. लदिनाला मात्र गळा लागतो, आणि तो पाठवता येत नाही. काही वाड्यांवर आता चार-पाच म्हातारी माणसंच ते पेलतात.

तेव्हा यंदा तुमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे लदीन असेल, तर जा. ख्रिस्ती असा वा नसा. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही. लितानीत परत परत येणारं 'ओरा प्रो नोबिस' (आमच्यासाठी प्रार्थना कर) दोनदा कानावर पडलं की तिसऱ्यांदा तुमच्याही तोंडून येतं.