रेम्ब्रांटच्या घरातली पुस्तके

श्रोतेहो, नमस्कार. ॲम्स्टरडॅमचा चित्रकार रेम्ब्रांट याच्या घरी कोणती पुस्तके होती, हे आज बरेचसे सांगता येते, ते त्याच्या कर्जबाजारीपणामुळे. १६३९ साली १३,००० गिल्डरला घेतलेल्या घराचे पैसे काही केल्या फिटेनात, तेव्हा जुलै १६५६ मध्ये त्याने दिवाळे जाहीर केले आणि कारकुनांनी खोलीखोलीतून फिरून ३६३ नोंदींची यादी केली.

तीत पुस्तके जेमतेम बावीस. त्यांतल्या पंधरांची नावेही लिहिलेली नाहीत. ‘निरनिराळ्या आकारांची पंधरा पुस्तके’ एवढ्यावर कारकुनाने भागवले. (घाईत असावा!) बाकीच्यांत एक जुने बायबल, शरीराच्या प्रमाणांविषयीचा जर्मन चित्रकार ड्यूरर याचा ग्रंथ, ज्यू इतिहासकार जोसीफसची सचित्र जर्मन आवृत्ती आणि रेम्ब्रांटचा मित्र यान सिक्स याचे ‘मेडिया’ हे नाटक. स्पेनच्या दरबारी चित्रकाराच्या, वेलास्केथच्या मागे १६६० साली दीडशेवर ग्रंथ निघाले होते.

एवढ्यावरून रेम्ब्रांटला वाचनाचे वावडे होते असे ठरवणे मला पटत नाही. गिरणीवाल्याचा हा मुलगा लायडनच्या लॅटिन शाळेत शिकला होता आणि १६२० साली विद्यापीठाच्या पटावर त्याचे नाव चढले होते. उपदेशक आन्स्लो आणि त्यांची पत्नी यांचे १६४१ चे व्यक्तिचित्र पाहावे: पतिपत्नी एका बाजूला सरकलेली आहेत, दुसरी बाजू टेबलावरच्या जाडजूड ग्रंथांनी व्यापली आहे, आणि त्यांच्या उघड्या पानांवर चेहऱ्यांइतकाच प्रकाश पडला आहे. पुस्तक हाताळण्याची सवय नसलेल्याला हे सुचले नसते.

शिवाय त्याच यादीत कारकुनांनी आणखी कितीतरी ‘पुस्तके’ नोंदवली आहेत, ती छापील चित्रे आणि रेखाटने बांधून केलेल्या मोठ्या वह्यांची. राफाएल, लुकास व्हॅन लायडन यांच्या चित्रांच्या वह्या आहेत; मान्तेन्याच्या वहीला तर ‘मोलाची’ असे विशेषण लावले आहे. त्याचे खरे ग्रंथालय हेच होते, असे मी म्हणेन. एका वहीत दुर्मिळ लघुचित्रे होती, आणि ती मुघल असावीत असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो तर्क बाजूला ठेवला, तरी रेम्ब्रांटने मुघल चित्रांवरून केलेली वीसहून अधिक रेखाटने आज उपलब्ध आहेत. ती आशियातून आलेल्या कागदावर काढलेली असून त्यांत जहांगीर आहे आणि शहाजहानही आहे.