परसातली खुडणी

[दृश्य: कोकणातल्या एका घरामागचं परस. सकाळची वेळ. मोरीचं पाणी पाटानं वाहतंय.]

निवेदन:
मोरीचं पाणी जिथं उतरतं, तिथं अळू, केळ आणि गवती चहा हटकून भेटतात. गवती चहाला ओल हवी, पण साचलेलं पाणी सोसत नाही. म्हणून त्याचा ठोंब पाटाच्या चढत्या कडेला. एक फुटवा लावला की बघता बघता त्याचं बेट होतं.

लावणं तसं सोपं. खरी जाण लागते ती खुडताना.

[दृश्य: विळ्यानं गवती चहा कापणारे हात.]

पानांचा वास म्हणजे उडून जाणारं तेल. गवती चहात सिट्रल असतं, लिंबाच्या सालीतही तेच. तुळशीत युजेनॉल, म्हणून तुळस चुरगळली की लवंगेची आठवण येते. ऊन चढलं की हे तेल उडायला लागतं. तेव्हा तोडणी सकाळीच, पानांवरचं दव सुकलं की. वाळवायचं सावलीत, पातळ पसरून. कडक उन्हात वाळवलेल्या गवती चहाचं नुसतं गवत उरतं.

तुळशीला मंजिऱ्या आल्या की झाडाचा जोर बियांकडे वळतो, पालवी मंदावते. बियांपुरत्या दोन-चार राखून बाकीच्या वेळीच खुडाव्यात.

[दृश्य: कुंपणाला लावलेला अडुळसा.]

अडुळसा इतका कडू की गुरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो कुंपणाला. खोकल्यावरचं ब्रोमहेक्सिन हे औषध अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच घडवलं गेलं. म्हणजे हे पान कामाचं आहे, आणि म्हणूनच जपून वापरायचं: गरोदरपणी अडुळसा नको.

कोरफडीचंही तसंच. बाहेरचं जून पान कापायचं आणि उभं धरून पिवळा चीक पूर्ण निथळू द्यायचा. हा चीक जोरदार रेचक आहे. तो आटवूनच काळा बोळ हे औषध करतात. आपल्याला हवा तो आतला पांढरा गर.

[दृश्य: मातीनं भरलेलं जुनं पोतं, त्यात वाळ्याचा ठोंब.]

आणि हा वाळा. परसातलं सगळ्यात संयमाचं पीक, आणि आमच्या मनात त्याला वेगळीच जागा आहे. वर दिसतं ते साधं गवत. सुगंध सगळा मुळांत, आणि तो मुरायला साधारण दीड वर्ष जातं. जमिनीत मुळं खोल जातात, उपटताना तुटतात. पोत्यात लावला तर पोतं उसवायचं, माती झटकायची, मुळं धुवायची. त्यांची लहानशी जुडी मलमलच्या फडक्यात बांधून माठात सोडायची. उरलेल्या ठोंबाची पाती वीतभर ठेवून छाटायची, फुटवे सुटे करायचे आणि पुढच्या पावसासाठी नवं पोतं भरायचं.