मैत्रिणीने मागितला तरी सहा आकडी कोड देऊ नका

नमस्कार. ‘अगं, चुकून माझा कोड तुझ्या नंबरवर आलाय, पाठव ना पटकन.’ कॉलेजच्या मैत्रिणीचा मेसेज. नंबर तिचाच, डीपी तिचाच. पण टाइप करणारी ती नाही, तिचं व्हॉट्सॲप आधीच दुसऱ्याच्या हातात गेलंय. तुम्ही कोड पाठवला की तुमचंही जातं. मग तुमच्या मावशीला मेसेज: ‘अर्जंट पाच हजार पाठव, संध्याकाळी देते.’

हे इतकं सोपं का? कारण नव्या फोनवर तुमचं खातं उघडायला नंबर आणि एसएमएसने आलेला कोड, एवढंच पुरतं. म्हणून दुसरं कुलूप लावायचं. फोन हातात घ्या: व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा आकडी पिन टाका. जन्मतारीख नको, १२३४५६ तर नकोच. पुढे ईमेल विचारतात, तो टाका. पिन विसरलात तर तोच कामी येतो.

आता जरा नीट ऐका, कारण या दुसऱ्या प्रकारात कोड कोणी मागतही नाही. ‘कुरिअरमधून बोलतोय, पार्सल अडकलंय, डिलिव्हरीवाल्याला लावा’, असं सांगून *४०१* किंवा **२१* आणि पुढे दहा आकडी नंबर डायल करायला लावतात. पार्सल वगैरे काही नसतं. ते कॉल फॉरवर्डिंग असतं. तुमचे कॉल त्या नंबरवर जायला लागतात, आणि व्हॉट्सॲप कोड फोन करूनही सांगतं! चुकून डायल झालंच तर लगेच ##००२# लावा, सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. चालू आहे का ते *#२१# लावून बघता येतं.

खातं गेलंच तर घाबरून ॲप काढून बसू नका. फॉरवर्डिंग बंद असल्याची खात्री करा, आपलाच नंबर टाकून कोड पुन्हा मागवा. तो टाकताच समोरचा बाहेर फेकला जातो. त्याने पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला सात दिवस थांबावं लागेल, पण तोही आत नसतो. आत शिरलात की लिंक्ड डिव्हायसेस उघडा, अनोळखी दिसेल ते लॉग आउट करा. आणि घरच्यांना, मित्रांना साधा फोन करून सांगा, कारण मेसेजवर आता कुणी विश्वास का ठेवावा?

कोणी पैसे पाठवले असतील तर त्यांनी त्याच मिनिटाला १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवले जातात, पुढे सरकण्याआधीच ते रोखावे लागतात. फोन लावताना यूपीआय ॲपमधला बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, समोर ठेवा.