पिंग जातोय, म्हणजे नक्की काय जातंय?

मंडळी, स्टोरेजवाले डावीकडे आणि नेटवर्कवाले उजवीकडे बसलेत. तसं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं! मला बोलायचंय ते याच बसण्याबद्दल. मुद्दे तीन आहेत, पण आधी एका रात्रीची गोष्ट सांगतो. ती अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

पुण्यातल्या एका कंपनीत मी स्टोरेज सांभाळायचो. शनिवारी रात्री नेटवर्क टीमनं आमच्या आय-स्कझीच्या, म्हणजे साध्या नेटवर्कवरून सर्व्हरला डिस्क पुरवणाऱ्या पद्धतीच्या, दोन स्विचांपैकी एक बदलला. तिकीट रीतसर, मंजुरी रीतसर, आम्ही मेलमध्ये सीसीला. एक वाजता डेटाबेस अडखळायला लागला. पार बंद पडला असता तर परवडलं असतं. लॉगिन होत होतं, लन (स्टोरेजनं सर्व्हरला दिलेल्या डिस्क) दिसत होते, छोटी क्वेरी झटक्यात यायची. मोठं काही लिहायला गेलं की सगळं गोठायचं.

ब्रिज कॉल, म्हणजे सगळ्या टीमचा एकत्र फोन, लागला. नेटवर्कवाले म्हणाले, पोर्ट अप आहे, पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का हे बघणारा छोटा संदेश) जातोय, आमच्याकडून क्लिअर. आम्ही म्हणालो, अ‍ॅरेवर (आमच्या डिस्कांच्या यंत्रावर) एकही अलर्ट नाही, आमच्याकडूनही क्लिअर. पहाटे पाचपर्यंत हेच चाललं, आणि तिकडे लोकांच्या पगाराची फाइल अडकून पडलेली.

कारण काय निघालं? आमच्या सर्व्हरवर आणि अ‍ॅरेवर एमटीयू (एका खेपेत जाऊ शकणारा डेटा) ९००० बाइट, नव्या स्विचवर १५००. टीसीपीची (डेटा नीट पोचवणाऱ्या नियमांची) दोन्ही टोकं आपापला एमटीयू बघून आकार ठरवतात, मधल्या स्विचला कुणी विचारत नाही. मोठी फ्रेम, म्हणजे डेटाचं पाकीट, आली की तो मुकाट्यानं टाकून देतो. लिनक्सचा साधा पिंग ५६ बाइटांचा, तो जाणारच! दुसरी वाट चांगली होती, मल्टिपाथही (एकाहून जास्त वाटांनी डेटा नेणारी सोय) होता. पण वाट जिवंत आहे का हे तपासणारी आज्ञासुद्धा इवलीशी. ती पोचायची, म्हणून मेलेली वाट जिवंत दिसायची आणि डेटा तिकडेही जात राहायचा.

मला आजही लागतं ते हे. त्या स्विचवर ‘जायंट्स’चा, म्हणजे मापाबाहेर मोठ्या फ्रेमचा, काउंटर भराभर वाढत होता. आम्हाला तो दिसत नव्हता, कारण त्या स्विचचं लॉगिन आमच्याकडे नव्हतं. त्यांना दिसू शकत होता, पण ९००० ची गोष्ट त्यांच्या कानावर कुणी घातलीच नव्हती. ते काम माझं होतं.

यात कुणी आळशी नव्हतं. फायबर चॅनेलमध्ये, म्हणजे स्टोरेजच्या खास नेटवर्कमध्ये, समोरून क्रेडिट (जागा आहे असा होकार) मिळाल्याशिवाय फ्रेम सुटत नाही, त्यामुळे फ्रेम हरवली की स्टोरेजवाल्याच्या पोटात गोळा येतो. इथरनेटवाल्याला (साध्या नेटवर्कवाल्याला) ड्रॉप, म्हणजे फ्रेम गळणं, रोजचाच, टीसीपी पुन्हा पाठवेल. २००४ साली आय-स्कझीचं प्रमाण आलं आणि या दोन घरांची सोयरीक झाली, पण घरातल्या माणसांची बैठक काही झाली नाही. पुढे फायबर चॅनेल थेट इथरनेटवर आणणारं एफसीओई आलं. ते तंत्रापेक्षा ‘स्विच कुणाचा’ या वादातच जास्त अडखळलं, असं माझं ठाम मत आहे.

पाचच मिनिटं राहिलीत अशी चिठ्ठी आलीय, तेव्हा मुद्दे भराभर घेतो.

दोन्ही टीमचा एकच तक्ता ठेवा: पोर्ट, व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे केलेले नेटवर्क), एमटीयू, फ्लो कंट्रोल (समोरच्याला जरा थांब म्हणायची सोय). बदल झाला की दोघांच्या सह्या. एकमेकांच्या यंत्रणेचं फक्त बघण्यापुरतं लॉगिन मागा, आणि कुणी मागितलं तर द्या.

टाइमआउट शेजारी शेजारी मांडा. लिनक्स डिस्कच्या उत्तरासाठी मुळात ३० सेकंद थांबतो. जुना स्पॅनिंग ट्री, म्हणजे स्विचांमध्ये डेटा गोल फिरत राहू न देणारी यंत्रणा, नवा पोर्ट उघडायलाही ३० सेकंद घेतो. हे दोन आकडे दोन वेगळ्या डोक्यांत असतात, म्हणून सर्व्हरचे पोर्ट एज (न थांबता उघडणारे) म्हणून लावायचं राहून जातं.

आणि चेंजच्या रात्री दोघंही जागे राहा. काम संपलं म्हणण्याआधी प्रत्येक वाटेवरून, दोन्ही दिशांनी, तुकडे करू न देता ८९७२ बाइटांचा पिंग मारा. ९००० मधून आयपीच्या शीर्षकाचे २० आणि आयसीएमपीच्या, म्हणजे पिंगच्या शीर्षकाचे, ८ वजा केले की हा आकडा येतो. पूर्ण आज्ञा मागच्या फळ्यावर लिहून ठेवलीय, जाताना उतरवून घ्या.