आधी भरतीची वेळ बघा, मग बसून राहा : किनाऱ्यावरचे पक्षी कसे पाहायचे

नमस्कार मंडळी!

समुद्रकिनाऱ्यावर पक्षी बघायला जायचं ठरलं की आपण आधी पहाटेचा गजर लावतो. जरूर लावा. पण त्याआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. रानातल्या पक्ष्यांचा दिवस उजाडताना सुरू होतो. किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचं पोट मात्र पाण्यावर अवलंबून. ओहोटी लागली, चिखल उघडा पडला की खायची वेळ, मग ती भर दुपार असो की मध्यरात्र. भरतीनं चिखल झाकला की विश्रांती. आज मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे: किनाऱ्यावर पक्ष्यांच्या मागे जायचं नाही. वेळ आणि जागा नीट निवडून बसलात, तर पाणीच त्यांना तुमच्याकडे घेऊन येतं.

वेळेचं गणित सोपं आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते, आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. आता आठवड्याचा हिशेब करा. या रविवारी सकाळी आठला पूर्ण भरती असेल, तर पुढच्या रविवारी आठ वाजता जवळजवळ पूर्ण ओहोटी असणार! जागा तीच, वेळ तीच, पण पक्षी पार क्षितिजाजवळ ठिपक्यांसारखे. कित्येक जण तेव्हा ‘इथे आता पक्षीच राहिले नाहीत’ म्हणत परत फिरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप आत जातं आणि खूप वर येतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तिचा चढ-उतार कमी.

माझा सल्ला असा: पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जागेवर पोचा आणि बसा. पाणी चढत जातं, चिखलाची पट्टी अरुंद होत जाते, आणि चरणारे पक्षी पावलापावलानं तुमच्या दिशेनं सरकत येतात.

बसायची जागा निवडताना ऊन पाठीमागे हवं. समुद्र पश्चिमेला असेल तर सकाळी हे आपोआप जमतं. पूर्वेला असेल तर पाण्याची चकाकी डोळ्यांवर येते आणि सगळे पक्षी काळे दिसतात. तिथे खाडीच्या मुखाजवळ बाजूनं बघता येईल अशी जागा शोधा. उभं राहू नका. मोकळ्या किनाऱ्यावर उभा माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर फार लांबून दिसतो. खडक किंवा झुडूप पाठीशी घेऊन खाली बसा. आणि वाळूच्या दांड्यावर मुळीच जाऊ नका, चढतं पाणी मागून वेढा घालतं आणि कळत नाही.

दुर्बीण ८ बाय ४२ ची असली की भागतं. आठपट मोठं दिसतं, आणि ४२ मिलिमीटरच्या भिंगातून सकाळी पुरेसा उजेड आत येतो. भिंगावर वाळू बसली तर कापडानं घासू नका, आधी फुंकणीनं उडवा, नाहीतर कायमचे ओरखडे पडतील.

(दृश्य: चिखलावर विखुरलेले करड्या रंगाचे छोटे पक्षी)

आता समोर बघा. हिवाळ्यात हे सगळे करडे-तपकिरी आणि एकसारखे दिसतात. नव्या माणसाचा धीर इथेच सुटतो, कारण तो रंग शोधत असतो. रंग बाजूला ठेवा. चाल बघा आणि चोच बघा.

तो आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा पक्षी तुरुतुरु धावतो, एकदम थांबतो, टोच मारतो, परत धावतो. हा चिखल्या. तो डोळ्यांनी शिकार करतो. थांबायचं कारण हेच, की स्थिर उभं राहिलं म्हणजे चिखलावरची बारीकशी हालचालही टिपता येते. त्याच्या शेजारी मान खाली घालून, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच भराभर खाली-वर करणारे तुतवार बघा. त्यांना काही दिसण्याची गरज नाही, ते स्पर्शावर चालतात. चोचीच्या टोकाला बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब ओळखणाऱ्या मज्जापेशींचे पुंजके. नॉट नावाच्या पक्ष्याची तर कमालच आहे. ओल्या वाळूत चोच खुपसली की दाण्यांमधल्या पाण्याचा दाब बदलतो, आणि जवळपास शिंपला असेल तर तो त्या दाबाला अडवतो. तेवढ्यावरून, शिंपल्याला चोच न लावता, नॉटला त्याचा पत्ता लागतो.

लांब चोचीच्या गॉडविटकडे नीट बघा. चोच मुळापर्यंत चिखलात गेली आहे. मग चिखलात ती उघडते कशी? सगळी उघडतच नाही. वरच्या चोचीचं फक्त टोक वाकतं आणि किडा चिमट्यात धरावा तसा धरला जातो. दुर्बिणीतून, पक्षी अळी ओढून काढतो त्या क्षणी, हे टोक वाकलेलं प्रत्यक्ष दिसतं. कर्ल्यूची चोच खाली वळलेली असते, त्यामुळे खेकड्यांच्या वाकड्या बिळांतही शिरते. कर्ल्यूच्या जोडीत मादीची चोच जास्त लांब असते, हेही बघून ठेवा. एकाच चिखलात आखूड चोच वरवरचं खाते, मधली थोडं खालचं, लांब चोच खोलवरचं. इतके पक्षी एका पट्टीत कसे राहतात, याचं बरंचसं उत्तर तिथे आहे.

बगळा दिसला की पाय बघा. काळे पाय आणि पिवळे पंजे असतील तर तो बहुधा छोटा बगळा. उथळ पाण्यात एक पंजा थरथरवत तो चालतो, दडलेले मासे आणि झिंगे उसळून बाहेर येतात, आणि तो टिपतो.

कुरव आणि सुरय यांत गोंधळ होतो, त्यावर थोडक्यात. कुरव भरदार असतो आणि पाण्यावर निवांत तरंगतो. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, बहुतेकांची शेपटी दुभंगलेली. तो चोच खाली करून हवेत घिरट्या घेतो आणि वरून सूर मारतो. कुरव बसलेला असेल तर त्याच्या चोचीच्या टोकाशी एखादा थेंब लोंबताना दिसेल. डोळ्यांच्या वरच्या ग्रंथी रक्तातलं जादा मीठ वेगळं काढतात, आणि ते खारं पाणी नाकपुड्यांतून असं बाहेर येतं. समुद्राचं पाणी पिऊनही तो ठणठणीत राहतो तो या ग्रंथींमुळे.

(दृश्य: भरतीच्या कडेला एका पायावर उभा असलेला थवा)

भरती पूर्ण होत आली. आता सगळे एका कोरड्या पट्ट्यावर गोळा झालेत, तोंडं वाऱ्याकडे, चोच पिसांत, एक पाय पोटाशी. पाय दुमडला की अंगातली ऊब कमी जाते. हा थवा बघायला जितका सुंदर, तितकाच नाजूक क्षणाचा असतो. आणि नेमक्या याच वेळी कुणीतरी उडत्या थव्याच्या फोटोसाठी त्यांच्या अंगावर धावत जातं. मला याची मनापासून चीड येते.

या पक्ष्यांचा जमाखर्च किती काटेकोर असतो ते ऐका. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविटचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवस कुठेही न उतरता टास्मानियाला पोचलं. सुमारे १३,५०० किलोमीटर. बारीकसा ट्रान्समीटर लावलेला होता म्हणून हे कळलं. हा पक्षी पाण्यावर बसून विश्रांती घेऊ शकत नाही. निघण्याआधी तो इतकी चरबी साठवतो की वजनातला जवळपास निम्मा वाटा तिचा होतो, आणि वजन वाचवायला पचनाची इंद्रियं आक्रसून घेतो. तुमच्यासमोर झोपलेला थवा अशाच एखाद्या प्रवासाची शिदोरी बांधत असू शकतो. तीनदा उडवलात, तर साठवलेलं तेवढं खर्ची पडलं.

म्हणून त्यांची भाषा ओळखा. पिसांतून माना वर आल्या, दुसरा पाय खाली आला, सगळे एका दिशेनं चालू लागले, की तुम्ही फार जवळ आहात. तिथेच थांबा, हळूच मागे सरका. ड्रोन अजिबात नको, पक्ष्यांना तो वरून येणाऱ्या शिकाऱ्यासारखा वाटतो. सोबत कुत्रा असेल तर साखळी धरा. विणीच्या दिवसांत कोरड्या वाळूत फिरू नका, कारण चिखल्या आणि सुरय वाळूतल्या साध्या खळग्यात अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असतात. एखादा चिखल्या पंख मोडल्यासारखा फरफटत तुमच्यापुढे चालला, तर तो तुम्हाला घरट्यापासून दूर नेतोय. पायाखाली बघत, आलात त्याच वाटेनं परत फिरा.

कधी तुम्ही जागचे हलला नाहीत तरी अख्खा थवा भर्रकन उठतो. तेव्हा दुर्बीण आभाळाकडे न्या, बहिरी ससाणा सापडण्याची शक्यता आहे. थवा वळताना पांढरा झळकतो, पुन्हा काळा होतो, आणि ससाण्याला एक पक्षी वेगळा काढता येत नाही.

निघण्याआधी नोंद करा. तारीख, वेळ, भरतीची स्थिती, पक्षी किती. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा आणि तेवढे तुकडे मोजत जा. नोंद ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर) टाकलीत तर ती अभ्यासकांनाही वापरता येते. आणि उभ्या पक्ष्यांचे पाय एकेक करून तपासा. रंगीत पट्टी किंवा छोटा झेंडा दिसला, तर रंग कोणता, डाव्या पायात की उजव्या, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर की खाली, दोन असतील तर वरचा कोणता, आणि त्यावर अक्षरं असतील तर ती, हे सगळं तिथल्या तिथे लिहून घ्या. पक्ष्यांना कडी घालणाऱ्या अभ्यासकांना एवढं कळवलंत, की तो पक्षी कुठे आणि कधी पकडून सोडला होता याचा माग लागू शकतो.